४०३, ७७७, ६४४ आणि एक छोटासा एक्स

शुक्रवारी रात्री मी सर्व्हरवरच्या फाइलींच्या परवानग्या बदलणारी एका ओळीची आज्ञा टाइप केली. ती निस्तरून सगळं जागेवर यायला पुढचा गुरुवार उजाडला. मधले सहा दिवस कसे गेले ते क्रमाने लिहून ठेवते आहे. अडकले होते तेव्हा मला सापडलेली बरीचशी उत्तरं 'ही आज्ञा चालवा, होईल' एवढ्यावरच संपत होती. का होईल आणि त्यासोबत आणखी काय काय होऊन बसेल, ते कोणी सांगत नव्हतं.

आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या, आणि जिथे मोठं अक्षर लागतं तिथे मी तसं म्हटलं आहे.

मी सर्व्हर सांभाळणारी व्यक्ती नाही. आमचा एक छोटा गट जुन्या नियतकालिकांचे अंक स्कॅन करून लोकांना वाचायला ठेवतो. हे काम आधी ज्यांच्याकडे होतं त्यांनी मला एक बाहेरची हार्ड डिस्क आणि एका लिनक्स सर्व्हरवरचं खातं सोपवलं. सर्व्हर सामायिक, म्हणजे त्यावर आमच्यासारखी आणखी बरीच खाती. माझ्या खात्याच्या होम डिरेक्टरीत 'संग्रह' नावाचा फोल्डर करायचा, त्यात सगळं ओतायचं आणि वेबसाइट त्याकडे वळवायची, एवढंच काम होतं.

शुक्रवारी दुपारी कॉपी लावली. सुमारे ३८ हजार फाइली, पाच तास लागले. रात्री साडेनऊला ब्राउझर उघडला तर ४०३. पान सापडलं नाही तर ४०४ येतं. ४०३ म्हणजे तुमची मागणी कळली, पण देणार नाही. भानगड परवानग्यांची आहे एवढं मलाही कळलं.

एलएस -एल, म्हणजे परवानग्यांसकट फाइलींची यादी, करून पाहिलं. प्रत्येक फाइलसमोर एकच ओळ: आरडब्ल्यूएक्स आर-एक्स आर-एक्स. (आर म्हणजे वाचणं, डब्ल्यू लिहिणं, एक्स चालवणं.) स्कॅन केलेली पानं, सूच्या, मजकूर, सगळं 'चालवण्याजोगं'. हे विचित्र आहे हे तेव्हा लक्षातच आलं नाही. हार्ड डिस्क एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली होती आणि त्या पद्धतीत युनिक्सच्या परवानग्या साठवायला जागाच नसते. त्यामुळे डिस्क जोडताना लिनक्स सगळ्या फाइलींना सरसकट एकच परवानगी लावून मोकळं होतं. माझ्या कॉपीच्या आज्ञेने तीच इमानेइतबारे सर्व्हरवर नेऊन ठेवली होती. पण हे कळलं नंतर.

माझ्या वहीत कधीतरी उतरवून घेतलेली एक ओळ होती:

चमॉड -आर ७७७ .

चमॉड म्हणजे परवानग्या बदलणारी आज्ञा. आर मोठा. त्याचा अर्थ या फोल्डरपासून आत आत, शेवटच्या फाइलपर्यंत. शेवटचं टिंब म्हणजे 'मी आत्ता जिथे उभी आहे तो फोल्डर'. आकड्यांचं गणित सोपं आहे: वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १. पहिला आकडा मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा इतर सगळ्यांचा. ७७७ म्हणजे सगळ्यांना सगळं.

संग्रह फोल्डरमध्ये उभं राहून ही आज्ञा दिली. ब्राउझर ताजा केला. ४०३.

खरं तर इथेच थांबून विचार करायला हवा होता. या घरातली सगळी दारं सताड उघडूनही पाहुणा आत येत नसेल, तर कुलूप दुसरीकडे असणार. पण रात्रीचे दहा वाजले होते. मी एक पायरी वर गेले, होम डिरेक्टरीत, आणि तीच आज्ञा पुन्हा दिली.

साइट उघडली! मी गटाला 'झालं' असा निरोप पाठवला, सर्व्हरवरून बाहेर पडले आणि झोपले.

शनिवारी सकाळी एसएसएचने (दूरच्या सर्व्हरवर शिरण्याची सोय) लॉगिन करायला गेले तर 'परमिशन डिनाइड', आणि कंसात पब्लिककी. काल रात्रीपर्यंत चालणारी किल्ली, म्हणजे पासवर्डऐवजी ओळख पटवणारी फाइल, आज चालेना. पासवर्डने शिरण्याची सोय त्या सर्व्हरवर बंदच होती. साइट मात्र छान दिसत होती. स्वतःच्या घराबाहेर उभं राहून खिडकीतून आतले दिवे बघावेत तसं.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली आहे. परवानग्यांना हात लावल्यावर चालू असलेली खिडकी बंद करायची नाही. दुसरी खिडकी उघडून तिच्यातून लॉगिन करून बघायचं आणि ते जमलं तरच पहिली सोडायची. सुरू झालेलं सत्र तुटत नाही. रात्री मी तिथेच असते तर चूक दोन मिनिटांत दुरुस्त झाली असती.

सकाळी पावणेअकराला मदतकक्षाकडे तिकीट टाकलं. अर्जात खात्याचं नाव, नोंदवलेला ईमेल, शेवटचं यशस्वी लॉगिन आणि 'त्याआधी कोणता बदल केला' असे रकाने होते. शेवटच्या रकान्यात मी आधी लिहिलं, 'काहीही बदल केलेला नाही.' मग पाच मिनिटं त्या वाक्याकडे बघत बसले, ते पुसलं आणि केलेली आज्ञा जशीच्या तशी चिकटवली. लाज वाटली, पण पुढे उत्तर देणाऱ्याने एकही उलटा प्रश्न विचारला नाही तो याचमुळे. तुमच्यावर अशी वेळ आली तर आज्ञा, ती कुठे उभं राहून दिली ते आणि वेळ, हे तीन तपशील पहिल्याच अर्जात द्या.

स्वयंचलित उत्तर आलं: कामकाजाच्या दिवशी चोवीस तासांत. शनिवार-रविवार त्यात धरत नाहीत. शिवाय नोंदवलेला ईमेल अजून आधीच्या सांभाळणाऱ्यांचाच होता, त्यामुळे विनंती त्यांच्याकडून यायला हवी. त्यांना गाठून, सगळी कथा सांगून तो ईमेल जाईपर्यंत रविवारची दुपार झाली. (खातं हाती घेताना पहिलं काम कोणतं, तर नोंदवलेला ईमेल बदलून घेणं.)

सोमवारी अकराच्या सुमारास उत्तर आलं, चार ओळींचं: 'तुमची होम डिरेक्टरी सर्वांना लिहिण्यायोग्य झाली होती. अशा वेळी एसएसएच किल्ली स्वीकारत नाही. होम आणि .एसएसएच ७००, अधिकृत किल्ल्यांची फाइल ६०० केली आहे. उर्वरित फाइली कृपया आपण तपासाव्यात.'

त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे. तुमच्या होममध्ये कोणालाही लिहिता येत असेल, तर कोणीही तुमचा .एसएसएच फोल्डर बाजूला सारून आपली किल्ली असलेला दुसरा तिथे ठेवू शकतो. म्हणून सर्व्हर आधी होम, .एसएसएच आणि ती फाइल यांच्यावर मालकाखेरीज कोणाला लिहिता येतं का ते बघतो. येत असेल तर किल्ली खरी असली तरी तो नाही म्हणतो. आणि लपलेला .एसएसएच (टिंबाने सुरू होणारी नावं एरवी यादीत दिसत नाहीत) माझ्या आज्ञेत सापडला तो तिच्या शेवटच्या टिंबामुळे. टिंबाच्या जागी तारा दिला असता तर शेल लपलेल्या नावांना सोडून देतो, आणि होमची स्वतःची परवानगीही तशीच राहिली असती. मग लॉगिन वाचलं असतं, पण साइटही उघडली नसती!

लॉगिन झालं. साइट पाहिली. ४०३.

या वेळी मात्र अंगावर काटा आला तो वेगळ्याच कारणाने. होममध्ये एका जुन्या स्क्रिप्टची सेटिंगची फाइल होती आणि तिच्यात डेटाबेसचा पासवर्ड उघडा लिहिलेला होता. शुक्रवार रात्र ते सोमवार सकाळ, तो सामायिक सर्व्हरवरच्या कोणालाही वाचता येत होता. कोणी वाचला का हे कळायला काही मार्ग नव्हता. परवानगी परत आवळली म्हणून वाचलेलं न-वाचलेलं होत नाही. तो पासवर्ड बदलला, सर्व्हरवर ठेवलेली एक खासगी किल्ली रद्द करून नवी बनवली. यात दीड तास गेला, आणि सगळ्या प्रकरणात घाईने करण्यासारखं काम खरं तर हेच होतं.

आता ७७७ ची धास्ती बसली होती. कुठेतरी वाचलं होतं की फाइलींना ६४४ योग्य. तेव्हा आगीतून उठून फुफाट्यात:

चमॉड -आर ६४४ संग्रह

पडद्यावर बारा तक्रारी उमटल्या, प्रत्येक 'कॅनॉट ॲक्सेस'ने सुरू होणारी. एलएस -एल केलं तर आणखी भयानक दृश्य. फोल्डरांची नावं दिसत होती, पण परवानग्या, मालक, आकार, तारीख या सगळ्यांच्या जागी प्रश्नचिन्हंच प्रश्नचिन्हं. मला वाटलं, ३८ हजार फाइली गेल्या.

गटातल्या एका जुन्या सहकाऱ्याला फोन केला. तो आधी हसला. मग म्हणाला, "अगं, काही गेलेलं नाही. किती तक्रारी आल्या?"

"बारा."

"आणि संग्रहात वरच्या पातळीवर फोल्डर किती?"

बाराच होते.

त्याने जे समजावलं ते मला वर्षानुवर्षं माहीत आहे असं वाटत होतं आणि प्रत्यक्षात माहीत नव्हतं. फाइलीवरचा एक्स म्हणजे 'ही चालवता येते'. फोल्डरवरच्या एक्सचा चालवण्याशी काही संबंध नाही. तिथे तो म्हणजे आत पाऊल टाकण्याची मुभा. फोल्डरवरचा आर फक्त आतल्या नावांची यादी वाचू देतो. डब्ल्यू त्या यादीत नाव घालू किंवा खोडू देतो. (म्हणूनच एखादी फाइल पुसता येईल की नाही हे त्या फाइलीच्या परवानगीवर ठरत नाही, ती ज्या फोल्डरात आहे त्याच्या परवानगीवर ठरतं. हे ऐकून मी दोनदा 'काय?' म्हटलं.)

६४४ मध्ये एक्स कुणालाच नाही, मालकालाही नाही. चमॉडने आधी संग्रह फोल्डरलाच ६४४ केलं. मग आतली बारा नावं वाचली, कारण आर होता. आणि त्यांच्याकडे जायला निघाला तर दारातच अडला, कारण एक्स त्याने स्वतःच काढून घेतला होता. ज्या फांदीवर बसला तीच तोडली. माझ्या बाबतीत हे सुदैवच ठरलं: बदलला तो फक्त वरचा एकच फोल्डर. चमॉड ७५५ संग्रह, मोठ्या आरशिवाय, एवढ्याने सगळी नावं, तारखा, आकार परत दिसू लागले. हीच आज्ञा रूट, म्हणजे सर्व्हरचा सर्वाधिकारी वापरकर्ता, म्हणून दिली असती तर रूटला कोणी अडवत नाही. सगळेच्या सगळे फोल्डर ६४४ झाले असते.

फोन ठेवताना तो म्हणाला, "आज काही करू नकोस. उद्या आधी आत्ताची स्थिती लिहून ठेव, मगच हात लाव."

मंगळवारी संध्याकाळी तेच केलं. होममध्ये उभं राहून:

गेटफॅकल -आर . > /टेम्प/परवानग्या

यातही आर मोठाच. ही आज्ञा प्रत्येक फाइलीचा मालक, गट आणि परवानग्या एका साध्या मजकुराच्या फाइलीत उतरवते. मिनिटभरही लागलं नाही. काही बिघडलं तर त्याच जागी उभं राहून सेटफॅकल --रिस्टोअर=/टेम्प/परवानग्या असं म्हटलं की सगळं जसंच्या तसं. जागा महत्त्वाची, कारण आतले पत्ते तिथूनच मोजलेले असतात. शुक्रवारी ७७७ च्या आधी हे केलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. /टेम्प मात्र तात्पुरती जागा आहे, म्हणून ती फाइल लगेच माझ्या लॅपटॉपवर उतरवून घेतली.

मग सीपी -ए ने, म्हणजे परवानग्या जशाच्या तशा ठेवून, एका छोट्या फोल्डरची नक्कल केली आणि प्रयोग तिच्यावर.

पहिला प्रयोग मोठ्या एक्सचा. चमॉडला आकड्यांऐवजी अक्षरंही चालतात, आणि त्यात मोठा एक्स म्हणजे: फोल्डर असेल तर एक्स दे, फाइल असेल तर तिला आधीपासून कोणासाठी तरी एक्स असेल तरच दे. म्हणजे फाइल आणि फोल्डर यांच्यातला फरक ही एकच खूण ओळखते. आकडे ओळखत नाहीत, त्यांच्या लेखी सब घोडे बारा टक्के. मोठ्या अपेक्षेने लिहिलं:

चमॉड -आर यू=आरडब्ल्यूएक्स,जीओ=आरएक्स .

दोन्ही एक्स मोठे. फाइलींवरचा एक्स हलला नाही. कारण ७७७ ने प्रत्येक फाइलीला एक्स देऊन ठेवलेला, आणि मोठा एक्स 'आधीपासून आहे ना, मग राहू दे' म्हणत होता. हा उपाय गोंधळ होण्याआधीचा, नंतरचा नाही. सहकाऱ्याने यावर एक तोड सांगितली: त्याच आज्ञेत आधी ए-एक्स (लहान) आणि स्वल्पविरामानंतर ए+एक्स (मोठा). लिनक्सवर हे चालतं, कारण तिथला चमॉड मोठ्या एक्सची अट आधीच्या कलमाने काय झालं ते धरून तपासतो. मॅकवरचा चमॉड मूळची परवानगी बघतो, त्यामुळे तिथे तीच ओळ काही कामाची नाही.

मी साधा, दोन टप्प्यांचा रस्ता घेतला. संग्रह फोल्डरात शिरून:

फाइंड . -टाइप डी -एक्झेक चमॉड ७५५ {} +
फाइंड . -टाइप एफ -एक्झेक चमॉड ६४४ {} +

पहिली ओळ फक्त फोल्डरांना, दुसरी फक्त फाइलींना. शेवटी अधिकचं चिन्ह आहे ते मुद्दाम. बऱ्याच ठिकाणी तिथे \; लिहिलेलं सापडतं, तेही चालतं, पण मग प्रत्येक फाइलीसाठी चमॉड नव्याने सुरू होतो. अधिकचं चिन्ह फाइलींच्या मोठ्या मोळ्या बांधून एकेकदाच देतं. नकलेवर दोन्ही करून पाहिलं, फरक डोळ्यांना दिसतो.

हे संग्रहापुरतंच. होममधून केलं असतं तर .एसएसएच ७५५ आणि पासवर्डची फाइल ६४४ झाली असती. होममधल्या बाकीच्या नऊ वस्तू एकेक करून हाताने ठीक केल्या: खासगी फोल्डर ७००, खासगी फाइली ६००. आणखी कुठे ७७७ पोचलं होतं ते शोधायला एलएस -एल उपयोगाचं नाही. चमॉडने फाइलीची 'मजकूर बदलल्याची' तारीख हलत नाही, त्यामुळे सगळं जुनंच दिसतं. एलएस -एलसी केलं की परवानगी बदलल्याची वेळ दिसते. माझी शुक्रवारची रात्र तिथे ओळीने मांडून ठेवलेली होती.

तपासणीसाठी फाइंड . -पर्म -०००२ चालवलं, म्हणजे 'इतरांना' अजून लिहिता येतं अशी प्रत्येक गोष्ट दाखव. अकरा नावं आली, सगळी ७७७! पंधरा मिनिटं त्यांच्याशी झटापट केली. चमॉड तक्रार करत नव्हता आणि बदलही होत नव्हता. शेवटी ओळीच्या सुरुवातीचं एल हे अक्षर दिसलं. त्या सिम्बॉलिक लिंक होत्या. लिनक्सवर लिंक कायम ७७७ च दिसते, तिची स्वतःची परवानगी कोणी विचारात घेत नाही. ती ज्या फाइलीकडे बोट दाखवते तिची धरली जाते. -टाइप एफ आणि मग -टाइप डी जोडून पुन्हा शोधलं तर यादी रिकामी.

एक अडचण उरली. संग्रहात काही स्क्रिप्ट होत्या, लहान चित्रं बनवणाऱ्या वगैरे. सरसकट ६४४ ने त्यांचाही एक्स गेला होता. त्या कोणत्या हे मला माहीत नव्हतं. पण तो फोल्डर गिटमध्ये, म्हणजे फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत होता, आणि गिट परवानग्यांमधली एकच गोष्ट लक्षात ठेवतं: फाइल चालवण्याजोगी आहे की नाही. १००७५५ की १००६४४. गिट डिफ (नोंदीपासून काय बदललं ते दाखव) म्हटलं आणि चार फाइलींसमोर 'जुना मोड १००७५५, नवा मोड १००६४४' असं आलं. त्याच त्या चार. शुक्रवारी रात्री गिट डिफ पाहिलं असतं तर याच्या उलट, प्रत्येक साधी फाइल बदललेली दिसली असती. चमॉड +एक्स त्या चारांना, आणि डिफ कोरं.

एवढं सगळं करून साइट अजून ४०३ च देत होती.

नेमआय -एल ही आज्ञा मला आधी माहीत असती तर! तिला फाइलीचा पूर्ण पत्ता द्यायचा. ती मुळापासून त्या फाइलीपर्यंतचा प्रत्येक फोल्डर वेगळ्या ओळीवर, परवानग्यांसकट दाखवते. मूळ, ठीक. होमचा मूळ फोल्डर, ठीक. माझी होम डिरेक्टरी: डी आरडब्ल्यूएक्स आणि पुढे सहा रेघा. ७००. वेब सर्व्हर दुसऱ्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो, म्हणजे तो 'इतर'. त्याला संग्रहापर्यंत पोचायला माझ्या होममधून जावं लागतं आणि तिथे त्याला पाऊल टाकायला मनाई. शुक्रवारी साडेनऊला नेमकी हीच अडचण होती. संग्रहातल्या ३८ हजार फाइलींपैकी एकीलाही हात लावायची गरज नव्हती.

चमॉड ७११ ~

मोठा आर नाही. इतरांना फक्त एक्स: आतून जा, यादी वाचू नका, लिहू नका. लिहिण्याची मुभा नसल्यामुळे एसएसएचचीही हरकत नाही. दुसऱ्या खिडकीतून लॉगिन करून बघितलं, झालं. ब्राउझर ताजा केला. मंगळवार, रात्री सव्वानऊ, साइट उघडली.

एक शेपूट राहिलं ते 'आवक' फोल्डरचं. त्यात गटातले दोघं आपापल्या खात्यांवरून नवे स्कॅन टाकतात. आधी तो ७७७ ठेवलेला होता. त्यासाठी आम्हा तिघांचा एक गट सर्व्हरवर करून हवा होता, आणि नवा गट करणं फक्त रूटच्या हातात. म्हणजे पुन्हा तिकीट. या वेळी नोंदवलेला ईमेल माझा होता. बुधवारी दुपारी उत्तर आलं, गट झाला. पण आयडी आज्ञेत तो दिसेना. बाहेर पडून पुन्हा लॉगिन केल्यावर दिसला. गटांची यादी लॉगिनच्या वेळीच ठरते. मग चजीआरपीने फोल्डर त्या गटाचा केला आणि चमॉड २७७५. सुरुवातीचा २ असा की आत तयार होणारी प्रत्येक नवी फाइल आपोआप त्या गटाचीच होते.

गुरुवारी सकाळी एकाने चाचणी म्हणून एक पान टाकलं. गट बरोबर आला, पण परवानगी ६४४. दुसऱ्याला ते दुरुस्त करता येईना. त्याचा यूमास्क, म्हणजे नव्या फाइलीच्या परवानग्यांतून काय कापायचं ते सांगणारा आकडा, ०२२ होता. तो गटाचं लिहिणं कापत होता. तिघांच्या शेलच्या सेटिंगमध्ये यूमास्क ००२ केला. त्याने पान पुसून पुन्हा टाकलं. ६६४.